वाडीचं विरजण

पाटण
९ जुलै १९७४

सयाजी,

आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून आधी आशीर्वाद लिहिला. राग अजून गेलेला नाही हे पुढे कळेलच. तुझं लीड्सहून आलेलं कार्ड मिळालं. एका बाजूला चर्चचं चित्र, दुसऱ्या बाजूला तुझा पत्ता आणि मजकूर म्हणशील तर 'पोचलो'. एवढा शिकलेला डॉक्टर विलायतेला गेला आणि एका शब्दावर आला. आईने ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलंय. रोज सकाळी त्या चर्चपुढे उदबत्ती फिरते. मी तिला काही सांगायला गेले नाही.

निघायच्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर जे झालं त्याची माफी मी मागणार नाही. आईच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढून घेऊ, एवढंच मी म्हटलं होतं. तू चारचौघांत म्हणालास, "नर्सने डॉक्टरला शिकवायचं नसतं, आक्का." तुझे इस्पितळातले साहेब शेजारी उभे होते, ते हसले. तू मॅट्रिकला होतास तेव्हापासून मी वॉर्डात पेशंट उचलतेय. डॉक्टर येऊन नाडी बघून जातो, चादर बदलते ती नर्स. माणूस आतून खचायला लागलं की चादर बदलणाऱ्याला आधी कळतं. असो.

आईचं ताक नेमाने चालू आहे. सकाळी एक तांब्या, दुपारी एक, दिवे लागल्यावर एक. मी म्हटलं, आई, पावसाळ्यात संध्याकाळचं ताक नको, तर म्हणाली, "माज्या डाक्टरानं सांगितलंय. तू गप ऱ्हा." एप्रिलमध्ये आमच्या दवाखान्याच्या काट्यावर ती एकोणचाळीस किलो भरली होती. काल सदतीस. पोटात गुरगुर चालू असते. मधूनच उजव्या अंगाला कळ येते, मग ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसते. विचारलं की म्हणते, वारा धरलाय. संध्याकाळी अंग कोमट लागतं. माझा हात चुकत असेल म्हणून मी थर्मामीटर लावते. तोही चुकत असेल.

आता एक कबुली. जतकडच्या धनगरवाडीवरून तू जे विरजण आणलं होतंस, ज्याच्या ताकावर तिथली म्हातारी माणसं ऐंशीव्या वर्षी माळ चढून जातात असं तुझ्या निबंधात आहे, ते विरजण मोडलं. आठ दिवस इथे ऊन नाही. क्वार्टरच्या भिंतींना बुरशी, कपड्यांना वास, दह्याला तारा सुटलेल्या. मी ते केरा नदीकाठी ओतून आले आणि रंगुबाई गवळणीकडचं साधं दही घालून नवं लावलं. आईला सांगितलेलं नाही. ती अजून त्या गाडग्याला वाडीचं विरजण म्हणून हात जोडते. तुला सांगतेय, कारण तू शास्त्रज्ञ आहेस, तुला खरं काय ते कळलेलं बरं.

वाडीच्या त्या कामाबद्दलही एक सांगायचं राहिलंय. स्टँडवर तेच सांगायचं मनात होतं. पण तुझे साहेब होते, आणि आता तर तू तिकडे रुळायच्या गडबडीत. राहू दे.

तिथे भाकरी मिळत नसेल. थंडीत कान झाकत जा.

तुझी,
आक्का


पाटण
४ सप्टेंबर १९७४

सयाजी,

जुलैचं पत्र गेलं, ऑगस्टमध्ये एक गेलं, तुझं उत्तर नाही. पोस्टमन आता मला बघितलं की आधीच मान हलवतो. माझ्यावर रुसायचं तर रूस, तुझा हक्क आहे. आईवर रुसण्यासारखं तिने काय केलंय?

ती पस्तीस किलो झाली. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. भाकरी खाल्ली की तासाभरात पोट दुखतं म्हणून तिने भाकरी सोडली, आता ताकातल्या कण्यांवर आहे. आणि हे तुला कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे. "त्येला कशाला लिवतीस? त्येच्या औषदाला नावं ठेवल्यागत व्हईल." म्हणजे आता पोट दुखलं तरी ती माझ्यासमोर कण्हत नाही. मागच्या दाराला जाऊन उभी राहते, तिथे तोंडात पदर धरते.

मी सरळ लिहिते. मला तिच्या आतड्याचा क्षय वाटतो. आमच्या मेडिकल ऑफिसरांनाही वाटतो, पण फोटो आणि तपासण्या झाल्याशिवाय ते औषध लिहीत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. फोटोसाठी कराडला जावं लागेल. एस्टीचा तासाभराचा प्रवास. आई म्हणते, "सयाजीनं सांगितलंय का? मग न्हाई." मी तिच्यापुढे हात जोडले, रागावले, दोन दिवस बोलले नाही. ऐकत नाही. तिच्याकडे पुरावा म्हणून दाखवायला हात आहे ना: मे महिन्यात तू तिच्या हाताला क्षयाच्या तपासणीची सुई टोचलीस, तिसऱ्या दिवशी पट्टी लावून बघितलंस, गाठ आली नव्हती. हात सपाट. क्षय नाही, असं तू तिला छातीठोक सांगितलंस. वर हेही सांगितलंस की म्हातारपणी आतड्यातले चांगले जंतू कमी होतात, मग अंगातली राखण झोपी जाते, ती ताकाने जागी होते. आई ते शेजारणींना सांगते. "माजी राखन निजलीया," म्हणते, आणि हसते.

अरे, जिची राखण निजलीय तिच्या हातावर गाठ येणार कशी? तूच सांगितलेलं तुलाच परत सांगतेय. थकलेल्या अंगाला क्षय असला तरी हात सपाट राहतो, हे तुला माहीत नाही असं मी मानत नाही. तुला वाडीवरच्या त्या निकालाने बांधून ठेवलंय.

तो निकाल. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी वाडीच्या दवाखान्यात होते, तेव्हा तुझ्या अठरा बाटल्या मीच वाटल्या. अठरा म्हातारी माणसं, सगळ्यांची वयं प्लेगाच्या सालावरून मोजलेली. शौचाचे नमुने घेऊन बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या एस्टीने मी सांगलीला पाठवले. पंधरा दिवसांनी तू स्वतः आलास, माझे दोन्ही खांदे धरलेस आणि म्हणालास, "आक्का, ह्या म्हाताऱ्यांची आतडी पंचवीस वर्षांच्या माणसाची आहेत." तू रडत होतास. बाबा गेले तेव्हा तू रडला नव्हतास.

पुढचं लिहीत नाही.

फक्त एक ओळ पाठव. 'आई, विजयाबरोबर कराडला जाऊन फोटो काढ.' एवढीच. बाकी तुझा निबंध, तुझं ताक, तुझी विलायत, सगळं तुझ्याकडे राहू दे. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

आक्का


पाटण
२५ नोव्हेंबर १९७४

सयाजी,

दिवाळीच्या आधी तुझं निळं पत्र आलं. आईच्या नावाने होतं म्हणून मी मोठ्याने वाचलं. चार ओळी. ताक सोडू नकोस, उलट एक तांब्या वाढव. फोटोची गरज नाही. हात सपाट आहे. आक्का काळजीखोर आहे, तिचं मनावर घेऊ नकोस.

मी ते तिला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज कसा होता हे तुला ऐकायला हवं होतं. तिला काही कळलं नाही. तिने पत्र घेऊन डोळ्यांना लावलं.

पण आज बातमी चांगली आहे. आईला बरं वाटतंय. संध्याकाळचा ताप ऑक्टोबरच्या मध्यापासून उतरत गेला, आता नाहीच. काल वजन केलं, अडतीस किलो. भाकरीचा पापुद्रा खाते. दिवाळीत अंगणात बसून तिने करंज्यांना मुरड घातली, आणि माझ्या करंज्या फुटतात म्हणून मला बोलली. ती बोलली की मला बरं वाटतं. तिने तुला निरोप सांगितलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते:

"सयाजी, बाळा, मी चांगली हाय. तुजं ताक लागू पडलं. विजी उगं घाबरवत हुती. आता मी पायऱ्या चढून दवाखान्याच्या दारापतूर जाती. आपल्या कुंडलची शालूबाई आली हुती, मला बगून म्हनली, आगं बये, पुन्यांदा पोरगी झालीस का काय. तुज्या सायबाला सांग, माज्या आईला गुन आला म्हून. लय लांब गेलास. पर लोकांच्या उपेगाचं काम करतूयास, तवा मी कायबी म्हनत न्हाई. वेळेवर जेव."

हा निरोप तिने पाटावर नीट बसून सांगितला, फोटो काढायला बसतात तशी. मी एक शब्द बदललेला नाही.

मात्र साहेबाला सांगायचं मनावर घेऊ नकोस. एका म्हातारीचं वजन तीन किलो वाढलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? माणसाचं कमी-जास्त होतं. खरंच सांगू नकोस, सयाजी. मी सहसा तुझ्याकडे काही मागत नाही.

थंडी सुरू झाली इथे. कोयनेवरून वारा येतो. आई म्हणते विलायतेत ह्याच्या दुप्पट असेल.

आक्का


सांगली
१८ फेब्रुवारी १९७५

सयाजी,

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते.

शुक्रवारी सकाळपासून आईला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं. वारासुद्धा सरेना. दवाखान्याच्या जीपमधून तिला आधी कराडला नेलं, त्यांनी हात लावला नाही, सांगलीला न्या म्हणाले. शनिवारी पहाटे इथे पोट उघडलं. ज्या इस्पितळात तू काम करत होतास तिथे नेलं नाही. तिथे सगळे तुला विचारतील आणि मला उत्तरं द्यावी लागतील म्हणून दुसरीकडे आणलं. आता बसल्या बसल्या वाटतं, हा विचार करायला मला त्या जीपमध्ये सुचलं तरी कसं.

सर्जन वयस्कर आहेत. ऑपरेशननंतर मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, आतड्याचा क्षय, निदान वर्षभराचा. लहान आतडं तीन जागी आवळून दोरीएवढं झालंय. एक जागा फुटली होती. जेवढं कापता आलं तेवढं कापलं. मग म्हणाले, "सिस्टर, ह्यातल्या काही जखमा भरत आल्या होत्या. भरता भरताच आतडं आकसलंय. हिला क्षयाच्या गोळ्या कुणी देत होतं का? अर्ध्यामुर्ध्या?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर नर्सचीच साडी होती, बदलायला वेळ मिळाला नव्हता.

तुझं जानेवारीचं पत्र मी पिशवीत घेऊन आलेय. तिथल्या सभेत तू आईबद्दल बोललास, असं त्यात आहे. 'चौसष्ट वर्षांची शेतकरी स्त्री, केवळ वाडीच्या विरजणाने तीन महिन्यांत वजनवाढ, ताप गेला.' लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझ्या साहेबाने ते लिहून काढ म्हटलं. हे पत्र मी आईच्या कॉटशेजारी बसून परत वाचलं. तिच्या नाकात नळी आहे. ती म्हणाली, "काय लिवलंय?" मी म्हटलं, तू तिकडे गाजलीस. तिला हसू आलं, पण नळीमुळे हसता येईना.

आता तिला रोज इंजेक्शन आहे, पूर्ण गोळ्या आहेत, सलाईन आहे. सर्जन म्हणतात, तीन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं. सगळे सर्जन असं म्हणतात हे मला माहीत आहे. ह्यांचं खरं आहे हेही माहीत आहे.

ती तुझ्या वाटेवर डोळे लावून आहे असं मी लिहिणार नाही, तिचे डोळे मिटलेलेच असतात. पण पाऊल वाजलं की विचारते, "कोन आलं?" तू निघ. साहेबाला काहीही सांग आणि निघ. विमानाचं काय ते पुढे बघू.

आक्का


कुंडल
९ मार्च १९७५

सयाजी,

काल तेरावं झालं. २४ तारखेला दुपारी आई गेली. तुझी तार तिसऱ्या दिवशी पोचली, 'निघणं अशक्य, पुढे कळव'. अग्नी बाळासोने दिला. चुलत असला तरी पोरगा गुणाचा आहे, डोकं तासून तेरा दिवस ओसरीवर बसला. लोक विचारत होते, सयाजी कधी येतोय. मी सांगितलं, त्याला सुट्टी नाही. शालूबाई म्हणाली, "लोकांच्या आया वाचवायला गेलाय पोरगा." ती चांगल्या मनाने म्हणाली.

आता मला दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आजवर टाळल्या. आता टाळण्यासारखं कुणी उरलं नाही.

पहिली वाडीची. प्रत्येक दारात उभं राहून नमुना घे, असं तू मला बजावलं होतंस. मी तसं केलं नाही. अठरा घरांच्या दारात उभं राहून म्हाताऱ्या माणसांकडे ते मागायची मला लाज वाटली. मी सगळ्या बाटल्या त्या अठरांतल्या जोतिबाच्या सुनेकडे दिल्या, हरणाबाईकडे. ती चुणचुणीत होती, चिठ्ठ्या वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अठराही बाटल्या भरून ओळीने तयार होत्या. मी खूश झाले. महिन्याभराने, तू माझे खांदे धरून रडून गेल्यावर, मी तिच्यासाठी चोळीचा खण घेऊन गेले. तेव्हा ती सहज बोलून गेली.

"आवं नर्सबाई, मामंजींस्नी कसं सांगायचं, बाटलीत करून द्या म्हून? त्येंच्याम्होरं आमी तोंड वर करून बोलत न्हाई. समद्या सुना माज्याकडं आल्या, हरणे, आता कसं गं म्हनाय लागल्या. रिकाम्या बाटल्या न्हेल्या आसत्या तर तुमचा भाऊ तुमाला बोलला आसता. तवा म्या एकटीनंच समद्या भरल्या. चमचा चमचा तर लागत हुतं."

पंचवीस वर्षांच्या माणसाची आतडी, असं तू म्हणालास ते अगदी बरोबर होतं. हरणाबाई पंचवीस वर्षांचीच होती.

मी खण तिच्या ओटीत घातला आणि परत आले. वाटेत ठरवत होते, आज पत्र लिहीन. घरी आल्यावर तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि म्हटलं, उद्या लिहीन. मग दुष्काळ पडला, वाडी मेंढरं घेऊन पांगली, आता पुन्हा नमुने मिळणार नाहीत असं तू म्हणालास, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मग तुझा निबंध छापून आला. मग लीड्सचं पत्र आलं. दर वेळी सांगणं आणखी अवघड झालं. तुझ्या ताकात तथ्य नाही हे मला ठाऊक होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर आई ते तांब्या तांब्या पीत होती. फोटो काढू, असं मी स्टँडवर म्हटलं ते म्हणूनच. का काढू, हे बोलायचं धाडस झालं नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. तुझं निळं पत्र आल्यावर आई कराडला येणार नाही हे ठरलं. पण त्याच्या आधीच, ऑक्टोबरात, तुझी वाट बघून बघून मी दवाखान्याच्या कपाटातून क्षयाच्या गोळ्या काढल्या होत्या. एकाच जातीच्या मिळाल्या. इंजेक्शन देते तर तिला कळलं असतं. गोळ्या कुटून मी तिच्या ताकात घालायचे. वर जिरं टाकायचे, चव कळू नये म्हणून. तिला त्यानेच बरं वाटलं. तिने नाव तुझं घेतलं, आणि मी घेऊ दिलं. तिचा तुझ्यावरचा विश्वास मोडायला नको होता, ती बरीही व्हायला हवी होती, मला दोन्ही हवं होतं. जानेवारीत कपाटाची तपासणी झाली आणि गोळ्या थांबल्या. एका औषधावर क्षय भागत नाही, हे मी स्वतः पेशंटना सांगते. मध्येच थांबवू नका, हेही मीच सांगते.

तेव्हा तुझ्या सभेतली ती केस माझ्या जिऱ्याच्या ताकाची आहे. हे तुझ्या साहेबाला सांग, निबंध मागे घे, माझं नाव सांग. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. आईला मी मारलं असं मला रोज वाटतं. तू डॉक्टर आहेस. माझं चुकत असेल तर तसं सांग. बरोबर असेल तरी सांग. पण काहीतरी लिही.

आक्का


पाटण
२९ एप्रिल १९७५

सयाजी,

तुझं पत्र आलं. सहा पानी. आईच्या आजारात चार ओळी आल्या होत्या.

मला वाटलं होतं, तू शिव्या देशील. मी त्यासाठी मन घट्ट करून पाकीट फोडलं होतं. तू तर लिहितोस की बाटल्यांचं तुला बहात्तरच्या उन्हाळ्यातच कळलं. निकालाची खात्री करायला तू एकटा वाडीवर गेलास, आणि जोतिबा म्हणाला, "कसली बाटली, डाक्टर? आमास्नी कुनी बाटली दिली न्हाई." मग हरणाबाईने तुला सगळं सांगितलं. हेही सांगितलं, "नर्सबाईस्नी समदं ठावं हाय."

म्हणजे तीन वर्षं तुला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

तू लिहितोस, 'तू मोठी आहेस, तू बोललीस की मी निबंध मागे घेणार होतो. तू बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं आक्कालाही हेच हवंय.' लिहितोस, 'मी बोललो असतो तर आधी तुझी नोकरी गेली असती.' हे खरं असेल. थोडं तरी खरं असेल, तू तेवढा वाईट नाहीस. स्टँडवर साहेबांसमोर मी आता बोलणार असं तुला वाटलं आणि म्हणून तू ते नर्सचं वाक्य टाकलंस, हेही लिहिलंस. एवढं खरं लिहायची गरज नव्हती, सयाजी. ते वाक्य मी विसरत आले होते.

पण मला एक समजत नाही. ताकात काही नाही हे कळून चुकल्यावर, हात सपाट असण्याला काही अर्थ नाही हे कळत असताना, आईला त्या चार ओळी लिहिताना तुझा हात कसा उठला? त्याचं उत्तर सहा पानांत एकाच ठिकाणी आहे. 'ताकाने अपाय होत नाही असं वाटलं.' नाहीच झाला. ताकाने तिला काही केलं नाही. ती नुसती ताक पीत बसून राहिली, आणि आतलं आतडं आपलं काम करत राहिलं.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस की आईची केस छपाईला गेली आहे, आता थांबवता येत नाही, गोळ्यांचं कुणापाशी बोलू नकोस. त्यात तिचं नाव नाही म्हणतोस. ती गेली हेही नाही, कारण लिहून दिलं तेव्हा ती होती. म्हणजे छापलेल्या कागदावर आई बरी होत राहणार. तिचं वजन अडतीस, ताप नाही, पायऱ्या चढून दवाखान्याच्या दारापर्यंत येतेय. कुणीतरी ते वाचून आपल्या आईला ताकावर ठेवेल.

मी बोलणार नाही. काळजी करू नकोस. बोलावं असं एक माणूस होतं, त्याच्यापाशी मी वेळेत बोलले नाही. आता कोणापाशी बोलून काय मिळवायचं? मेडिकल ऑफिसर मला विचारतात, सिस्टर, गोळ्यांचा हिशोब जुळत नाही, तर मी म्हणते उंदरांनी खाल्ल्या असतील. उंदरांनी गोळ्या खाल्ल्याचं त्यांनाही पटत नाही. लिहून घेतात.

तुला सांभाळायचं म्हणून मी गप्प बसले. तू मला सांभाळायला गप्प बसलास, असं तू म्हणतोस. आपण दोघं एकमेकांना सांभाळत बसलो आणि आई मध्ये बसून ताक पीत होती.

आईचं लुगडं, तुझ्या शाळेच्या वह्या आणि ते चर्चचं कार्ड कुंडलला बाळासोच्या ट्रंकेत ठेवलंय. तुला हवं असेल तर त्याला लिही. तो सरळ आहे, विचारलं तेवढं सांगेल.

मला लिहू नकोस. पत्ता बदललास तर कळवू नकोस.

विजयमाला